आपल्या वॉर्डात उभे कोण राहणार?

लाखांदूर नगरपंचायतीचे सभागृह जानेवारी २०२२ च्या निकालाने निवडून आले. त्याची पाच वर्षे २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतात. निवडणुकीचे वारे सुटले की पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा हवा कोणाची?" आम्ही वस्तीतल्या पाचसहा जणांनी दुसरा प्रश्न हाती घेतला. हवा कोणाचीही असो, आपल्याकडून उभे कोण राहणार? प्रस्थापितांच्या समोर ताठ मानेने उभा राहील, पण निवडून आल्यावर त्यांच्याच पंगतीला जाऊन बसणार नाही, असा परिवर्तनवादी विचाराचा माणूस आपल्याकडे आहे की नाही? असेल तर तो कुठे आहे?

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी.कॉम. झालो म्हणून वस्तीतले लोक हिशेबाचे, अर्जाचे, दाखल्याचे काम माझ्याकडे आणतात. त्यामुळे या शोधाची वहीसुद्धा माझ्याच हाती आली. त्या वहीत काय काय लिहिले गेले, ते वाचकांसमोर ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात हेच चालले असेल.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे गाव तालुक्याचे ठिकाण असले तरी कालपरवापर्यंत ग्रामपंचायतच होती. राज्यातल्या तालुक्यांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यात आमचीही झाली. लोकांना वाटले, गाव शहर झाले, आता सुधारणा. सुधारणा आपल्या गतीने होतील. पण एक वस्तू गेली, तिच्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. ग्रामसभा गेली! ग्रामसभेत माझी आई उठून विचारू शकत होती की हातपंपाचा दांडा तीन महिन्यांपासून तुटला आहे, त्याचे काय? सरपंच हसो की रागावो, प्रश्न चारचौघांत विचारला जात होता. नगरपंचायतीच्या सभेत बोलायचे असेल तर नगरसेवकच व्हावे लागते. सतरा प्रभाग, सतरा तोंडे. आपल्या वॉर्डाचे तोंड बंद राहिले तर वॉर्डच मुका. उमेदवार कोण, हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा झाला तो यामुळे.

आणि प्रभाग केवढा, तर काहीशे मतांचा. दोन मोहल्ले आणि एक रस्ता. एवढ्या लहान जागी हार-जीत पंधरा-वीस मतांनी होते. इथे कोणाच्या घरी किती मते, कोणाचा जावई कोणाच्या मिलमध्ये हमाल आहे, कोणी कोणाकडून बियाण्यासाठी पैसे घेतले आहेत, हे सगळे सगळ्यांना ठाऊक असते. मत गुप्त असते, पण मतदार गुप्त नसतो.

तर वहीत पहिल्या रात्री तेवीस नावे लिहिली. मोठा उत्साह होता. दुसऱ्या बैठकीत कायद्याची चाळणी लावली आणि नावे गळायला लागली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर उभे राहता येत नाही. या एका अटीने सात नावे गेली. त्यात माझेही होते, कारण आमची धाकटी तिसरी. तिच्याबद्दल मला काहीएक तक्रार नाही, घरात तीच सर्वांत हुशार आहे. पण "साहेब, तुमीच का नाही उभे राहत?" असे जो तो विचारतो, म्हणून हे लिहून टाकले. या कायद्याचा हेतू काहीही असो, जिथे दवाखाना दूर आणि मुलगा व्हावा म्हणून सासूचा धाक जवळ, त्या कष्टकऱ्यांच्या घरातून तो जास्त माणसे बाद करतो, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर सरकारी नोकरीतले गेले. कामासाठी नागपूरला, पुण्याला राहणारे गेले. घरपट्टी थकलेले दोघे होते, ते भरतो म्हणाले, त्यांची नावे पेन्सिलीने ठेवली.

उरलेल्यांत एक तरुण आहे. शिकलेला, वाचलेला, १४ एप्रिलला बोलायला उभा राहिला की म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसतात. त्याला विचारायला गेलो तर तो स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडून बसलेला. म्हणाला, "काका, दोन वर्षे थांबा. नोकरी लागली की समाजासाठी सगळे करतो." मी म्हणालो, "बाबा, नोकरी लागली की तुला उभेच राहता येणार नाही." तो हसला, मीही हसलो. त्याच्या आईने चहा दिला. ती रोवणीच्या मजुरीवर त्याला शिकवते. तिच्यासमोर मी पुढचा शब्द काढू शकलो नाही. आपल्या समाजाने शिकण्याचा मार्ग धरला तो योग्यच धरला. पण जो शिकला तो नोकरीत गेला आणि नोकरीत गेला तो राजकारणातून कायद्यानेच बाहेर झाला. मागे राहिले ते राजकारणात. हा गुंता कोणा एकाच्या सांगण्याने सुटणारा नाही.

मग आम्ही गुरुजींकडे गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, गुडघे धरले आहेत, पण अजून पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांनी आमची वही हातात घेतली, चष्मा लावून सगळी नावे वाचली आणि विचारले, "तुम्ही उमेदवार शोधता, की निवडून येणारा शोधता?" आम्ही म्हणालो, "दोन्ही." गुरुजी म्हणाले, "मग चोपन्न सालची गोष्ट ऐका."

ती गोष्ट आपल्या पुष्कळ घरांत माहीत आहे, पण तिच्या आधीची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, म्हणून दोन्ही सांगतो. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. लोकसभेच्या भंडारा मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातीचा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चतुर्भुज जसानी हे काँग्रेसचे उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून आले. ते एका मोठ्या विडी कंपनीचे भागीदार होते आणि त्या कंपनीचा सरकारला विड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी कंत्राट असणारा माणूस निवडणुकीस पात्र नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच निवडणुकीत राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते महानुभाव पंथात गेले, म्हणून ते आता महार नाहीत, असे म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज फेटाळला. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पंथ घेतला म्हणून त्यांची जात सुटली नाही, त्यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला. आणि कंत्राटदार भागीदाराची निवडही टिकणार नाही. त्यामुळे मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात दोन्ही जागांची पोटनिवडणूक झाली. त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे राहिले साक्षात बाबासाहेब!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर उभे होते, त्यांच्याशी समझोता होता. मतदाराला दोन मते होती. आपल्या काही कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये, कुजवावे. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. दुसरे मतही द्यायचे, असे त्यांनी बजावले. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले, आणि बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी पडले. राखीव जागेवर निवडून आले काँग्रेसचे भाऊराव बोरकर. घटनेच्या शिल्पकाराला आमच्या जिल्ह्याने लोकसभेत पाठवले नाही! गुरुजींचे वडील त्या प्रचारात पायी फिरले होते. निकालाच्या रात्री त्यांच्या घरी चूल पेटली नाही, असे त्यांची आई सांगायची.

"आता ध्यानात घ्या," गुरुजी म्हणाले. "जागा आपली होती, निवडणारे आपण एकटे नव्हतो. १९३२ च्या पुणे करारापासून हेच आहे. राखीव जागा आपल्याला, पण मत सगळ्यांचे. म्हणून प्रस्थापितांना आपल्यातलाच एक माणूस उचलून उभा करता येतो. तो वाईटच असतो असे नाही. पण तो त्यांचे ऐकतो. तुमच्या वॉर्डात दुसरे काय होते?"

सध्याच्या कोणा प्रतिनिधीबद्दल व्यक्तिशः मला काही म्हणायचे नाही. हा माणसाचा नव्हे, रीतीचा प्रश्न आहे. वॉर्ड राखीव निघाला की गावातले मोठे लोक आपल्या वस्तीत येतात, गरीब स्वभावाचा, कर्जात असलेला, फार न बोलणारा माणूस शोधतात. त्याच्या पोस्टरवर बाबासाहेबांचे चित्र मोठे छापतात. खर्च त्यांचा, माणूस आपला. आणि आपण काय करतो? आपण चार गट, चार झेंडे. आपल्यातले तिघे त्याच्याविरुद्ध उभे राहतात आणि एकमेकांची मते खातात. वस्तीत अडीचशे मते असतील तर ती चार ठिकाणी विखुरतात. जो शोध प्रस्थापित एका रात्रीत संपवतात, तो आपल्याला वर्षभर का जमत नाही, याचे उत्तर यात आहे. त्यांना शांत माणूस हवा असतो, तो कुठेही सापडतो. आपल्याला बोलणारा हवा असतो, आणि आपल्याकडे प्रत्येक बोलणाऱ्याला वाटते की बोलावे ते आपणच.

गुरुजींनी स्वतः उभे राहायला नकार दिला. "प्रचाराला काठी टेकत येईन, माईक द्या," म्हणाले.

आता वहीतल्या सर्वांत अवघड पानावर येतो. वस्तीतले एक गृहस्थ स्वतःहून पुढे आले. माणूस कर्तबगार. मजुरीपासून सुरुवात करून आज लहानमोठी बांधकामाची कामे घेतात. विहाराच्या स्लॅबला सिमेंट त्यांनी दिले, कोणाच्या मयतीला लाकूड कमी पडले तर तेच धावतात. त्यांनी सरळ सांगितले, "खर्च पूर्ण माझा. तुम्ही फक्त नाव ठरवा." बैठकीतले निम्मे लोक खूश झाले. वर्षभराची डोकेदुखी पाच मिनिटांत संपत होती. पण मागे बसलेल्या बायांपैकी एकीने विचारले, "भाऊ, निवडून आल्यावर नालीचे काम कोण घेईल जी?" तेही प्रामाणिक माणूस, म्हणाले, "काम तर मी घेतोच ना. बाहेरच्याने घेण्यापेक्षा आपल्या माणसाने घेतले तर काय बिघडले?"

बिघडते. १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायतींचा जो कायदा आहे त्यात सदस्याला नगरपंचायतीच्या कंत्राटात भाग ठेवता येत नाही. मुलाच्या नावाने, मेहुण्याच्या नावाने ठेवतात, ती गोष्ट वेगळी. भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक ज्या निकालाने झाली, त्यात विडीचे कंत्राटही होते, हे मी त्या बैठकीत सांगितले. पण मला जे खरे वाटते ते कायद्यापेक्षा साधे आहे. नाली बांधणारा आणि नाली बरोबर बांधली की नाही हे पाहणारा एकच असेल, तर पहिल्या पावसात पाणी कोणाच्या घरात शिरेल? शेवटच्या गल्लीतल्या घरात. आणि तो गरीब तक्रार घेऊन जाईल कोणाकडे? मी त्यांना नम्रपणे म्हणालो, "दादा, कंत्राट सोडा आणि उभे राहा, आम्ही सगळे तुमच्यामागे आहोत." ते उठून गेले. तीन आठवडे त्यांनी माझा जयभीम घेतला नाही. विहाराच्या रंगाचे काम त्यामुळे लांबले. काही लोकांनी मला बोल लावला की हातचा पैसेवाला उमेदवार घालवला. अजूनही लावतात. लावू देत. परवा त्यांचा धाकटा भाऊ येऊन म्हणाला की दादा विचार करत आहेत. वहीत त्यांचे नाव मी खोडलेले नाही.

या भांडणात एक चांगली गोष्ट घडली. जिने नालीचा प्रश्न विचारला, तिच्याकडे आमचे लक्ष गेले. तिचे नाव तेवीस नावांत नव्हतेच! पन्नास टक्के जागा २०११ पासून महिलांना आहेत, आणि आमच्या पहिल्या रात्रीच्या यादीत बायांची नावे फक्त चार, तीही कोणाची ना कोणाची पत्नी म्हणून. ही बाई बचत गटाची अध्यक्ष आहे. आठवी शिकलेली. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास धान कापणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि बारा महिने गटाचा हिशेब. मी हिशेबाचा माणूस, म्हणून सांगतो, तिच्या गटाचे रजिस्टर मी तपासले आहे, रुपयाचा फरक नाही. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून एका म्हातारीचे धान्य दोन महिने अडले, तेव्हा तिला घेऊन तहसीलला चार चकरा मारणारी हीच. घरकुलाची यादी, जागेचा पट्टा, निराधारांचे पैसे, कोणाचा कागद कुठे अडला हे तिला तोंडपाठ.

आम्ही तिघे तिच्या घरी गेलो. तिने आधी गमतीत घेतले. "मी कायले जी? मले भाषण येत नाही." मग आम्ही खरेच विचारतो आहोत हे ध्यानात आल्यावर गप्प झाली. तिचा नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. तोही गप्प. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "भाऊ, रोवणीच्या दिवसांत मिटिंगा आल्या तं मजुरी बुडंल. ते कोन देईल?" खरे सांगतो, इतक्या बैठकांत एवढा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. आपण उमेदवाराला विचारतो, तुझ्याकडे किती पैसा आहे? त्याने आम्हाला विचारले, तुमच्या उमेदवाराचे पोट कोण भरेल?

तिने दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी गटातल्या बायांना घेऊनच माझ्या घरी आली. तिच्या अटी मी वहीत जशाच्या तशा उतरवून घेतल्या. प्रचारात दारू चालणार नाही, आपल्या बाजूच्या कोणी वाटली तर ती त्याच दिवशी अर्ज मागे घेईल. खर्चाचा हिशेब दर आठवड्याला विहारात वाचला जाईल. निवडून आली तर सभेला ती जाईल, तिच्या खुर्चीवर तिचा नवरा किंवा आम्ही कोणी बसणार नाही. आणि दर महिन्याला एक दिवस वॉर्डातल्या लोकांना बोलावून सभेत काय झाले ते ती सांगेल. "ग्रामसभा बंद झाली ना जी, तं आपली करू," असे म्हणाली. मजुरीचा प्रश्न बायांनी आपसात सोडवला. ज्या दिवशी ती कामाला येऊ शकणार नाही, त्या दिवशी गटातली एक जण तिच्या वाट्याची बांधी रोवेल. आम्हा पुरुषांना हा तोडगा सुचला नसता.

एकटी बाई सभेत काय करणार, असे आमच्यातल्या एकाने विचारले. त्याला मी जोतीराव फुल्यांचे उदाहरण दिले. ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात मत दिले ते एकट्या जोतीरावांनी. पैसा शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. प्रस्ताव मंजूर झाला. पण आज आपल्याला बाकीच्या सदस्यांची नावे माहीत आहेत का? आणि सभेतला एक ठराव काय करू शकतो ते महाडला दिसले. चवदार तळ्यासह सार्वजनिक जागा खुल्या करण्याचा ठराव महाड नगरपालिकेनेच १९२४ साली केला होता. तो तीन वर्षे कागदावर राहिला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा त्याला प्राण आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. म्हणजे सभेत आपला माणूस नसेल तर मिळालेलेही टिकत नाही. आणखी एक. त्या महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरबानाना टिपणीस आपल्या जातीचे नव्हते. ते सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर होते, १९३६ च्या स्वतंत्र मजूर पक्षातही राहिले. परिवर्तनवादी उमेदवार शोधायचा तो फक्त आपल्या वस्तीतच शोधायचा, असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही.

हे लिहिण्याचे कारण आरक्षणाची सोडत. "सोडत निघू द्या, मग पाहू," हे वाक्य मी शंभर वेळा ऐकले. मागच्या वेळी काय झाले? २१ डिसेंबर २०२१ ला मतदान, आणि १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की ओबीसींच्या राखीव जागा सर्वसाधारण करा. राज्यातल्या शंभरावर नगरपंचायतींत त्या जागांचे मतदान पुढे ढकलून १८ जानेवारी २०२२ ला झाले. सोडतीवर भरवसा ठेवून बसलेले बसूनच राहिले. आमचा वॉर्ड सर्वसाधारण निघाला तर? बायांनीच उत्तर दिले, "मंग ओपनमधून लढू." कायद्याने त्याला बंदी नाही, बंदी आहे ती आपल्या मनात. पण ओपनमधून लढायचे म्हणजे ढिवर मोहल्ल्यात, कुणबी-तेल्यांच्या घरी, गोवारी-गोंडांच्या दारात जावे लागेल, आणि तिथे बाबासाहेबांचे नाव घेण्याआधी पाण्याच्या टाकीचे, घरपट्टीचे, घरकुलाचे बोलावे लागेल. १९५४ ला आपली मते तिकडे गेली, तिकडची पुरेशी आली नाहीत, असे गुरुजींच्या वडिलांच्या पिढीचे म्हणणे होते. ती मते मागायला माणसे वर्षभर आधी जावी लागतात, मतदानाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

वॉर्ड राखीव निघाला तर कागद लागतील, म्हणून तेही काम सुरू केले आहे. वाचकांनी, विशेषतः आपल्या भगिनींनी, इकडे लक्ष द्यावे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. जात लागते वडिलांची, आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे लग्न होऊन वीस वर्षे झालेल्या बाईला माहेरी जाऊन आजोबांचा शाळेचा दाखल-खारीज, कोतवाल पंजी, जुन्या जमिनीच्या अभिलेखाची नक्कल काढावी लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा शोधा. बौद्ध म्हणून घाबरण्याचे कारण नाही, १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचे बौद्ध यादीत आले आहेत. पण कागद मात्र आधीचा, जुन्या जातीचा लागतो. अर्ज भरण्याच्या आठवड्यात हे जमत नाही. ज्यांच्या पाठीशी मोठे लोक असतात त्यांचे कागद गाडीतून येतात. आपले कागद बसने येतात.

या बाईचे माहेर वैनगंगेपलीकडे, वडशाच्या पुढे. ती आणि मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी शाळेचे जुने रजिस्टर वाळवीने खाल्लेले निघाले. दुसऱ्या वेळी तिच्या चुलत आजोबांचे नाव कोतवाल पंजीत सापडले. तिने त्या ओळीवर बोट ठेवले, नाव दोनदा वाचले आणि म्हणाली, "आजा कधी शाळेत नाही गेला, पन त्याचं नाव मी वाचलं." नकलेचा अर्ज दिला आहे.

बाकी पुष्कळ काही राहिले आहे. चार गटांपैकी दोन गट तिच्या नावाला तयार आहेत. तिसऱ्या गटाचे म्हणणे, नाव चांगले, पण चिन्ह आमचे हवे. चौथा गट अजून आमच्याशी बोलत नाही, त्यांच्या मनात तेच कंत्राटदार दादा आहेत. प्रत्येक घरून आठवड्याला पाच रुपये जमा करायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात एकसष्ट घरांनी दिले, दुसऱ्या महिन्यात चौपन्न. वहीत सगळे आहे. येत्या रविवारी ढिवर मोहल्ल्यात पहिली बैठक ठेवली आहे. जागा त्यांच्यातल्याच एका काकांनी दिली, आपल्या घरासमोरच्या आंगणात. ती बोलणार आहे, पाण्याच्या वेळेवर. काय बोलायचे ते लिहून देऊ का, असे मी विचारले होते. नको म्हणाली. गुरुजींनी मात्र काठीला नवी रबरी बूच बसवून घेतली आहे.